फेरफार केलेल्या जुन्या मोटारीसाठी क्लचची निवड

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट 1100 जातीच्या मोटारी अनेक दशके बाहेर पडत होत्या. आरंभीच्या गोलसर गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. पुढील आवृत्ती ‘पद्मिनी’ म्हणून प्रसिद्धी पावली. या एंजिनाचे आकारमान 1089 घन सेंटिमीटर. ते साधे, सोसणारे आणि हाताळावयास सोपे असल्याने मद्रासजवळच्या शोलावरम येथील शर्यतींतही त्यावर आधारलेल्या गाड्या उतरत. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. ज्या गाड्या आज उरल्या आहेत त्या बहुतांशी हौशी मंडळींच्या हाती आहेत आणि त्यांपैकी काहींच्या एंजिनांची शक्ती फेरफार करून वाढविलेली आहे.

अशी एक गाडी भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील राई गावात ठेवलेली आहे, असे कल्पू. एंजिन सुधारल्यानंतर तिचा जुना क्लच घसरू लागला आहे. एंजिनाचा वेग वाढतो, पण गाडीचा वाढत नाही. आता नवा क्लच कोणता बसवावा? कारखान्यात सहसा मिळणारे उत्तर ‘मिळेल तेवढा मजबूत’ असे असते. हे उत्तर अपुरे, किंबहुना घातक का आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

1. क्लचची दोन कामे

क्लच एंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे पोहोचवितो आणि गिअर बदलताना ती तोडतो, हे त्याचे परिचित काम. त्याचे दुसरे काम सहसा लक्षात घेतले जात नाही. पेडलवरून पाय झटक्याने काढला असता फ्लायव्हीलमध्ये साठलेली परिभ्रमणाची ऊर्जा एकाएकी मोकळी होते. अशा क्षणी गिअरबॉक्सवर येणारे परिबल एंजिनाच्या परिबलाएवढे नसते. क्लच घसरण्यापूर्वी जेवढे परिबल वाहून नेऊ शकतो, जवळजवळ तेवढे ते असते. म्हणजेच विजेच्या मंडलात फ्यूजचे जे स्थान, तेच येथे क्लचचे. त्याच्या क्षमतेला खालची मर्यादा एंजिन घालून देते, तर वरची मर्यादा गिअरबॉक्स आणि मागील आस. जिचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली आहेत अशा गाडीची क्लच प्लेट बदलता येते, तिला नवे अस्तरही लावून घेता येते. परंतु तुटलेले गिअर मिळणे दुर्घट होय. म्हणून हार खावयाची वेळ आलीच, तर ती प्रथम क्लचने खावी.

2. अश्वशक्ती नव्हे, परिबल

एंजिनाची शक्ती दीडपट झाली म्हणून क्लचही दीडपट हवा, असा एक समज आढळतो. परंतु शक्ती म्हणजे परिबल आणि कोनीय वेग यांचा गुणाकार होय; क्लचला घसरविते ते केवळ परिबल. मूळ एंजिन मिनिटास 4800 फेऱ्यांना सुमारे 40 अश्वशक्ती देते. त्या वेगाला परिबल सुमारे 59 न्यूटन-मीटर पडते. फेरफारानंतर 5500 फेऱ्यांना 60 अश्वशक्ती मिळते असे धरल्यास परिबल सुमारे 78 येते. शक्ती 50 टक्के वाढली, पण परिबल 31 टक्केच. उरलेली वाढ वेगातून आली आहे. क्लचसाठी कमाल परिबल विचारात घ्यावे लागते. मूळ एंजिनात ते सुमारे 71 न्यूटन-मीटर होते; सुधारलेल्या एंजिनात ते 90 झाले आहे असे मानू.

वेगाची वाढ मात्र दुसऱ्या अंगाने विचारात घ्यावी लागते. केंद्रोत्सारी ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 4800 ऐवजी 6000 फेऱ्या झाल्या की हा ताण दीडपटीहून अधिक होतो. तडा गेलेले बिडाचे फ्लायव्हील किंवा सैल झालेले अस्तर या वेगाला फुटले, तर तुकडे चालकाच्या पायांच्या दिशेने येतात. येथे काटकसर करू नये.

3. क्षमतेचे गणित

एका प्लेटच्या क्लचची क्षमता चार राशींवर अवलंबून असते: घर्षणपृष्ठांची संख्या, घर्षणांक, स्प्रिंगांचा दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या. या चौघींचा गुणाकार म्हणजे क्षमता. उदाहरणादाखल बाहेरचा व्यास 180 मिलिमीटर व आतला 125 मिलिमीटर असलेली प्लेट घेऊ. तिची सरासरी त्रिज्या 76.25 मिलिमीटर. दाब 2600 न्यूटन आणि साध्या, सेंद्रिय अस्तराचा घर्षणांक 0.30 धरल्यास, पृष्ठे दोन असल्यामुळे, क्षमता सुमारे 119 न्यूटन-मीटर येते. मूळ एंजिनाच्या कमाल परिबलाच्या ती 1.7 पट आहे. सुधारलेल्या एंजिनाच्या तुलनेत मात्र ती 1.3 पट उरते.

कागदावर 1.3 पट पुरेशी वाटते. पण घर्षणांक स्थिर राहत नाही. अस्तर फार तापले की तो घटतो. तो 0.22 वर आल्यास क्षमता 87 होते, म्हणजे एंजिनाच्या परिबलाहून कमी. मग क्लच घसरतो, घसरल्याने अधिक तापतो आणि तापल्याने अधिक घसरतो. शिवाय मळसूत्री स्प्रिंगांच्या जुन्या क्लचमध्ये अस्तर झिजते तशा स्प्रिंगा लांबतात व त्यांचा दाब उतरतो. नव्या धाटणीच्या, एकाच चकतीसारख्या डायफ्रॅम स्प्रिंगमध्ये हा दोष पुष्कळच कमी असतो.

4. क्षमता वाढविण्याचे मार्ग

पहिला मार्ग व्यास वाढविण्याचा. 200 मिलिमीटर बाह्य व 130 मिलिमीटर आंतर व्यासाची प्लेट त्याच दाबाखाली सुमारे 129 न्यूटन-मीटर देते. लाभ आठ टक्क्यांचा. पण त्यासाठी फ्लायव्हीलवर तेवढे सपाट पृष्ठ आणि घरात तेवढी जागा हवी. मोठी प्लेट फिरती राहू पाहते, त्यामुळे गिअर बदलताना वेग जुळविणाऱ्या कड्यांवर अधिक भार पडतो.

दुसरा मार्ग घर्षणांक वाढविण्याचा. भुकटीपासून भाजून केलेल्या धातुमिश्रित गुंड्यांच्या प्लेटचा घर्षणांक 0.40 धरला, तर क्षमता 159 न्यूटन-मीटर होते. शर्यतीच्या गाडीस हे मानवते. रस्त्यावरील गाडीत असा क्लच हळुवार पकडत नाही. गाडी धक्के खात निघते आणि फ्लायव्हीलचे पृष्ठ लवकर खरवडले जाते. मुख्य म्हणजे 119 च्या धक्क्यास सरावलेल्या गिअरबॉक्सवर आता 159 चा धक्का येऊ शकतो. फ्यूज जाऊ नये म्हणून जाड तार घालण्यातलाच हा प्रकार होय.

तिसरा मार्ग स्प्रिंगांचा दाब वाढविण्याचा. दाब 15 टक्के वाढविल्यास क्षमता 137 होते: सुधारलेल्या एंजिनाच्या 1.5 पट. अस्तर तापून घर्षणांक 0.22 वर उतरला तरी 100 न्यूटन-मीटर शिल्लक राहतात, म्हणजे क्लच घसरत नाही. गिअरबॉक्सवरील संभाव्य धक्काही 15 टक्केच वाढतो. याची किंमत पायाला द्यावी लागते: पेडल त्याच प्रमाणात जड होते आणि ते दाबलेले असताना क्रँकशाफ्टच्या रेटा सोसणाऱ्या बेअरिंगवर तेवढाच अधिक भार येतो. दाब 40 किंवा 50 टक्के वाढविण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

5. चढ आणि उष्णता

राईहून घोडबंदरमार्गे ठाण्यास निघालेल्या गाडीला काजूपाड्याचा चढ लागतो आणि तेथे वाहने वारंवार खोळंबतात. क्लचची कसोटी वेगात नव्हे, अशा ठिकाणी लागते. स्थिर गाडी निघताना, एंजिनाचा वेग कायम ठेवला असता, गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच क्लचमध्ये उष्णता होते. एक हजार किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी 1500 फेऱ्यांवर क्लच सोडून ताशी 10 किलोमीटरला पोहोचली, तर सुमारे 3.9 किलोजूल उष्णता निर्माण होते. तीच 3000 फेऱ्यांवर सोडली, तर वेग दुप्पट आणि उष्णता चौपट, म्हणजे 15.4 किलोजूल. यातील निम्मी दोन किलोग्रॅमच्या प्रेशर प्लेटमध्ये गेली, तर तिचे तापमान पहिल्या रीतीने सुमारे 2 अंशांनी व दुसऱ्या रीतीने सुमारे 8 अंशांनी वाढते. चढावर यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते. खोळंब्यात ही क्रिया वीस वेळा घडली म्हणजे काय होईल, याचा अंदाज वाचक करू शकेल. शक्तिशाली एंजिनाच्या मालकाला उंच फेऱ्यांवर निघण्याची सवय जडते. ती सवय क्लचच्या कोणत्याही सुधारणेवर मात करते.

6. खारी हवा आणि बसविण्यापूर्वीची तपासणी

राई, मुर्धा, मोर्वा या पट्ट्यात खाडी व मिठागरे जवळ आहेत. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत फ्लायव्हीलच्या उघड्या बिडावर गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. पेडल दाबूनही क्लच सुटत नाही. हौशी मालकाची गाडी बहुधा उभीच असते, म्हणून हा धोका तिला अधिक. यावर उपाय क्लचच्या जातीत नाही. महिन्यातून दोनतीनदा गाडी चालविण्यात आहे.

नवा क्लच बसविताना पाच गोष्टी पाहाव्यात. फ्लायव्हीलचे पृष्ठ सपाट व तडे नसलेले असावे. मागील सीलमधून तेल झिरपत नसावे. तेलकट अस्तराचा घर्षणांक कोणत्याही गणितात बसत नाही. प्लेटच्या मध्यातील खाचा गिअरबॉक्सच्या दांड्यावर विनाअडथळा सरकाव्यात. मध्याभोवती धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्यावी. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट व रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकाच वेळी बदलावीत. एक इशाराही आवश्यक आहे: जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

सारांश, आपल्या उदाहरणातील गाडीसाठी मूळ व्यासाची, सेंद्रिय अस्तराची नवी प्लेट आणि सुमारे 15 टक्के अधिक दाबाची प्रेशर प्लेट ही निवड योग्य ठरते. प्रत्यक्ष गाडीसाठी आकडे मोजून घ्यावे लागतील; रीत हीच राहील. प्रथम एंजिनाचे कमाल परिबल ठरवावे, तापलेल्या अस्तरावरही ते पेलेल एवढी क्षमता घ्यावी आणि तेथेच थांबावे. त्यापुढील प्रत्येक न्यूटन-मीटर गिअरबॉक्सच्या आयुष्यातून वजा होतो.