खोडलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे

ऑनलाइन दुकानात खोडून दाखवलेला आकडा बहुधा एमआरपीचा, म्हणजे करांसह कमाल किरकोळ किमतीचा असतो. कायद्याने ती वरची मर्यादा आहे. कोपऱ्यावरचा किराणावालाही अनेकदा त्याहून कमीच घेतो. म्हणून तुलना सवलतीच्या टक्क्यांची नको, हाती पडणाऱ्या मालाच्या दराची हवी. 900 ग्रॅमचा पुडा 108 रुपयांना आणि किलोचा 115 ला असेल, तर महाग पहिलाच: किलोला 120. त्यात घरपोच शुल्क मिळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ते वेगळे दाखवायलाच हवे. दुकानात जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळही धरा, हा आक्षेप रास्त आहे. पण रोजच्या वाटेवरच्या दुकानासाठी तो नगण्यच. शिवाय ओळखीचा दुकानदार महिनाभराची उधारी बिनव्याजी देतो, तीही हिशेबात धरायला हवी.