चोवीस तासांची सभा

सभा म्हटली की तास-दोन तासांत आटोपणारी गोष्ट तुमच्या डोळ्यांपुढे येते. पण सलग चोवीस तास चालणारीही सभा असते. तिला सभागृह नसते. बोलणारे आणि ऐकणारे आपापल्या गावी संगणकासमोर बसलेले असतात. अशा एका सभेचा विषय असतो कचेऱ्यांची अंतर्गत जाळी, म्हणजेच इंट्रानेट.

इंटरनेट तुमच्या परिचयाचे आहे. इंट्रानेट हे त्याचे घरातले भावंड. तंत्र तेच, पाने तशीच, फक्त भोवती कुंपण. रजेचा अर्ज, सुट्ट्यांची यादी, यंत्र बिघडले तर कोणाला कळवायचे, हे सारे त्यात असते आणि परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय आत प्रवेश मिळत नाही. आतल्या संगणकांचे पत्तेही बहुधा खासगी असतात. १० या आकड्याने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते अशा वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि तेच पत्ते असंख्य कचेऱ्या एकाच वेळी वापरतात. मग घोटाळा कसा होत नाही? ‘सातवी, तुकडी अ’ हा पत्ता शेकडो शाळांत असतो. शाळेच्या आत तो पुरेसा असतो. पण पाकिटावर तेवढेच लिहिले तर पोस्टमन काय करणार?

गंमत अशी की, कुंपणाबाहेरचे वेबही एका कचेरीच्या अडचणीतूनच जन्मले. जिनीव्हाजवळ सर्न नावाची मोठी संशोधनसंस्था आहे. तेथे शास्त्रज्ञ येतात, काही काळ काम करतात आणि जातात. माणूस गेला की त्याच्याजवळची माहितीही हरवे. यावर उपाय म्हणून १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी एक टिपण सादर केले आणि त्यातून वेब उभे राहिले. सुरुवातीला तेथील लोक ते कशासाठी वापरू लागले असतील? संस्थेतल्या टेलिफोन क्रमांकांची यादी पाहण्यासाठी!

आता कुंपणाचा एक तोटा पाहा. शेजारच्या कंपनीने हीच अडचण कशी सोडवली, हे बाहेरून दिसतच नाही. म्हणून सभेत मंडळी आपले दार थोडे किलकिले करतात आणि आपले इंट्रानेट पडद्यावर फिरवून दाखवतात. पण त्यासाठी चोवीस तास कशाला?

अंतराचा प्रश्न तर सुटलेला आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंतच्या वीस हजार किलोमीटरांना त्याला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. सूर्याला मात्र अशी घाई करता येत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. जुलै महिन्यातला बुधवार घ्या. पुण्यात सायंकाळी सहा वाजता सभा ठेवली, तर लंडनला दुपारचा दीड वाजलेला असेल. ठीक. पण सॅन फ्रान्सिस्कोत पहाटेचे साडेपाच आणि वेलिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला! वेळ मागेपुढे करून पाहा. कोणाची तरी झोप मोडतेच. मुख्य कचेरीची सोय पाहून वेळ ठरवायची आणि दूरच्या शाखेतील माणसाला दर वेळी अपरात्री उठवायचे, हे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

मग युक्ती अशी, की माणसांना जागवण्याऐवजी सभेनेच सूर्याबरोबर फिरावे. वेलिंग्टनमध्ये बुधवारी सकाळी नऊला आरंभ करू. तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच. तुम्ही खुशाल झोपा. दोन तासांनी सिडनीत नऊ वाजतील. आरंभापासून सात तासांनी पुण्यात साडेनऊ, अकरा तासांनी लंडनला नऊ, सोळा तासांनी न्यूयॉर्कला, एकोणीस तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला. जेथे कामाची वेळ, तेथल्या माणसाने सूत्रे हाती घ्यायची आणि पश्चिमेच्या सोबत्याकडे सोपवायची. सॅन फ्रान्सिस्कोत बुधवारचे दुपारचे दोन वाजले की वेलिंग्टनमध्ये गुरुवारची सकाळ उजाडलेली असते. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे ना! म्हणूनच निमंत्रणात नुसते ‘बुधवारी’ लिहून भागत नाही. वेळ ग्रिनिचजवळून जाणाऱ्या मूळ रेखावृत्ताच्या हिशेबाने, म्हणजे यूटीसीने, सांगतात आणि ज्याने त्याने आपल्या घड्याळाशी ताळा करायचा. आपण त्यात साडेपाच तास मिळवतो, नेपाळमधले लोक पावणेसहा.

खरी फजिती मार्चमध्ये होते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत त्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. त्यामुळे एरवी पाच तासांचे लंडन-न्यूयॉर्क अंतर मधल्या काळात चारच तासांचे होते. सिडनीकर तर एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे घेतात, कारण त्यांचा उन्हाळा तेव्हा संपलेला असतो.

आता एक कोडे सोडवा. मार्चमधल्या शेवटच्या रविवारच्या आदल्या रात्री, शनिवारी नऊ वाजता, लंडनमध्ये चोवीस तासांची सभा सुरू झाली. ती संपेल तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेले असतील? ‘नऊ’ असे चटकन सांगून मोकळे होऊ नका.