पूर ओसरल्यानंतरचे दुःख

बुद्धवचनांत दुःखाचे कायिक आणि चेतसिक असे दोन भेद आढळतात. आपल्या शासनाचा आपत्तीविषयक व्यवहार मात्र बहुतांशी पहिल्या भेदापाशीच थांबतो. पडलेले घर व बुडालेले पीक यांचा पंचनामा होतो. खचलेल्या मनाचा होत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या उणिवेचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी व संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला. गोंदियासह पूर्व विदर्भातील नदीकाठची गावे वेढली गेली, उभे धान पाण्याखाली गेले. कोरोनाची साथही तेव्हा चालूच होती. हा प्रसंग अपवादात्मक मानून चालणार नाही; मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या, असे हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

अशा प्रसंगी भीती वाटणे, झोप न लागणे हा आजार नव्हे. आप्तांचा आधार आणि वेळेवर मदत मिळाल्यास बहुतेक लोक सावरतात. परंतु काहींच्या बाबतीत निराशा टिकून राहते, व्यसन वाढते. हे बहुधा छावण्या बंद झाल्यानंतर, कर्जाचा तगादा सुरू झाल्यावर दिसू लागते. शिवाय पीकनुकसानीची मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते. ज्याच्या नावावर शेतच नाही, त्या मजुराची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहावयाची?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याच्या कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सेवा व स्वच्छता यांचा उल्लेख आहे. मनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. ही उणीव राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक सूत्रे काढून अंशतः भरून काढली. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरविला. २०२२ पासून टेलिमानसची १४४१६ ही दूरध्वनीसेवाही उपलब्ध आहे. मात्र महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आरंभिलेला शेतकरी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प मराठवाडा व पश्चिम विदर्भ-वर्ध्याच्या १४ जिल्ह्यांपुरता होता. धानपट्टा त्याबाहेर राहिला.

तेव्हा पुढील गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, पूरग्रस्त कुटुंबांना आशा कार्यकर्तीने तीन महिन्यांनी व वर्षाने पुन्हा भेट द्यावी आणि तिला या कामाचे प्रशिक्षण व मोबदला मिळावा. दुसरी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी नदीकाठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत यावे. तिसरी, भूमिहीनांच्या बुडालेल्या मजुरीची नोंद व भरपाई व्हावी. कारण चूल पेटल्याशिवाय केलेले समुपदेशन पोकळ ठरते.

विहारे, समाजमंदिरे व महिला मंडळे ही माणसे जमण्याची ठिकाणे आहेत. तेथे दुःख बोलता यावे आणि गरजूला उपचारापर्यंत पोहोचविले जावे. मात्र उपचाराचे दायित्व शासनाचेच आहे. धीर देणे हे समाजाचे काम असले, तरी हक्क देणे हे राज्याचे काम आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.