पापामियाँ टेकडीची हत्यारे आणि शिकारीचा प्रश्न

चंद्रपूरजवळील पापामियाँ टेकडी येथे अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली आहेत. भद्रावतीच्या पार्श्वनाथाच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. अशा हत्यारांचे चित्र पाहिले की महाविद्यालयात शिकणारी मुले घरी येऊन म्हणतात, ‘मनुष्य मुळातच शिकारी होता, मग आपला आहार निसर्गाविरुद्ध नव्हे काय?’ यावर वडीलधारी मंडळी दात व आतडी यांचा दाखला देतात. तो दाखला दुबळा आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात पाहणे, हेच अनेकान्ताला शोभते.

केवळ हत्यारावरून काही सिद्ध होत नाही. तराजू पाहून दुकानात कोणता माल विकला गेला हे सांगता येत नाही. कुऱ्हाडीने लाकूडही फुटते, कंदही उकरता येतात. खरी वही म्हणजे हाडे.

रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील गुहांमधील हाडांच्या राशींवरून आपला पूर्वज रक्तपिपासू असल्याचे मांडले. पुढे बॉब ब्रेन यांनी दाखविले की त्या राशी बहुतांशी बिबट्या व तरसांसारख्या श्वापदांनी रचल्या. स्वार्टक्रान्स येथील एका कवटीवरील दोन छिद्रे बिबट्याच्या सुळ्यांशी जुळतात. आमच्या ताडोब्यातील बिबट्याही भक्ष्य झाडावर ओढून नेतो, तेव्हा हे समजणे विदर्भातील वाचकास कठीण नाही. येथे शिकारी म्हणविलेला प्राणी स्वतःच भक्ष्य ठरला!

परंतु वाद तेथे संपला नाही. टांझानियातील ओल्डुवाई घळीत सुमारे 18 लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर दगडी धारेच्या खुणा आढळल्या. आक्षेपकांनी म्हटले, ते सिंहांचे उष्टे असेल. ब्लूमेनशाइन यांनी सेरेंगेटीत शवे तपासली: श्वापदे निघून गेल्यावर बहुधा मांस उरत नाही, हाडातील मज्जा उरते. म्हणून आता निर्णायक प्रश्न खुणांच्या जागेचा आहे. ओल्डुवाईत त्या भरघोस मांसाच्या पायाच्या हाडांवरही आहेत. श्वापदे प्रथम तेच खातात. म्हणजे मनुष्यसदृश प्राणी तेथे लवकर पोहोचत असावा, आणि शिकारीची बाजू बळावते. तरीही श्वापदांना हुसकावून भक्ष्य बळकावल्याची शक्यता उरतेच. खूप नंतरच्या काळात, जर्मनीतील शोनिंगेन येथे घोड्यांच्या हाडांसमवेत लाकडी भाले सापडले, तेथे मात्र संशयास फारशी जागा नाही.

हे मान्य करण्यात आपले काय बिघडते? अहिंसाव्रत पूर्वजांच्या जेवणावर आधारलेले नाही. प्रत्याख्यान हे जाणून-बुजून करावयाचे असते. करता येत नाही त्याचा त्याग कसला? मात्र अर्धे चित्रही पुरे चित्र म्हणून घेऊ नये. इस्रायलमधील गेशर बनोत याकोव येथे सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीची कठीण कवचाची फळे आणि ती फोडण्याचे खळगे पडलेले दगड मिळाले. वनस्पती सहसा कुजतात, हाडे टिकतात. म्हणून पुराव्यात मांसाचे पारडे आपोआप जड दिसते.

पापामियाँ टेकडीच्या हत्यारांना त्यामुळे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. धार झिजलेली नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड, कातडे व कंद यांनी पडलेली चकाकी निरनिराळी दिसते. हवापाण्याने पृष्ठभाग गेला असेल, तर तो दगड काहीच बोलणार नाही, आणि त्याच्या तोंडी शिकार घालण्याचा अधिकार ना त्या मुलांना आहे ना आपल्याला.