झाडांमधून वाट काढणारी तबकडी

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचे छोटे गाव आहे. १९२६ साली तिथल्या प्राथमिक शाळेतला रोनाल्ड गिब्सन आणि त्याचे सवंगडी यांनी शाळेच्या आवारातच एक खेळ मांडला. वाळूत चार फुटांची वर्तुळे आखायची आणि डब्यांची पत्र्याची झाकणे लांबून फेकून त्या वर्तुळांत टाकायची. खेळाला त्यांनी नाव दिले ‘टिन लिड गोल्फ’. आज ज्याला आपण डिस्क गोल्फ म्हणतो, त्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि ती थेट शाळेच्या अंगणातली आहे.

पहिले कायमस्वरूपी मैदान व्हायला मात्र १९७५ साल उजाडले. कॅलिफोर्नियात पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक यांनी ते आखले. हेड्रिक व्हॅम-ओ या फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत होते. तबकडी स्थिर उडावी म्हणून तिच्या वरच्या पृष्ठावर वर्तुळाकार कंगोरे देण्याचे पेटंट त्यांनीच १९६७ मध्ये मिळवले होते. ओक ग्रोव्हमध्ये सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते आणि तबकडी खांबाला लागली की नाही यावर वाद होत. त्यातून साखळ्या लोंबणारे बास्केट आले. त्याचे पेटंट १९७७ चे. ही साखळी म्हणजे साधीच पण फार विचारपूर्वक केलेली योजना आहे. पावणेदोनशे ग्रॅमची तबकडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने आली, तर तिच्यात सुमारे ३५ जूल गतिज ऊर्जा असते. टणक खांबावर आदळून ती उसळून मागे येईल. मोकळ्या लोंबणाऱ्या साखळ्या मात्र धक्क्यासरशी मागे सरकतात, एकमेकींवर आपटतात आणि ती ऊर्जा वाटून घेतात. वेग संपलेली तबकडी खालच्या टोपलीत पडते.

खरी गंमत तबकडीच्या उड्डाणात आहे. पुढची कड किंचित वर असलेली तबकडी हवा खाली ढकलते आणि स्वतः उचलली जाते. विमानाच्या पंखाचेही तत्त्व हेच. अडचण अशी, की उचलणारा हा जोर बरोबर मध्यबिंदूवर लागत नाही. त्यामुळे न फिरवता भिरकावलेली तबकडी क्षणात कोलांटी खाते. तिला सावरते ती गिरकी. भोवरा फिरत असेपर्यंत पडत नाही, तशी फिरणारी तबकडी आपला अक्ष सहजी सोडत नाही. म्हणूनच तिचे वस्तुमान जाड कडेत एकवटलेले असते. तेवढेच वजन सगळ्या चकतीभर सारखे पसरण्याऐवजी पूर्णपणे कडेवर ठेवले, तर जडत्व-आघूर्ण, म्हणजे गिरकीतल्या बदलाला होणारा विरोध, दुप्पट होते.

तरीही मध्यबिंदूबाहेर पडणारा तो जोर लागतोच. फिरत्या वस्तूला एका दिशेने कलवायला जावे, तर ती काटकोनात दुसरीकडे कलते. उजव्या हाताने, हात छातीसमोरून आडवा आणत फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. जोरकस फेकीत सुरुवातीला उचल मध्यबिंदूच्या मागे पडते, नाक खाली दाबले जाऊ लागते आणि तबकडी उजवीकडे झुकते. वेग मंदावला की उचल पुढे सरकते, नाक वर उचलले जाऊ पाहते आणि ती डावीकडे वळून जमिनीवर येते. एका फेकीत इंग्रजी ‘एस’सारखी वाट तयार होते. मैदान आखणारा या वळणाचाच उपयोग करतो. समोर झाड असेल, तर ते तोडायचे नसते. त्याला वळसा घालून फेकायचे असते.

शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलेल्या हायगेन्स यानावर काम केलेले राल्फ लॉरेन्झ यांनी उडत्या तबकड्यांवर छोटे संवेदक बसवून त्यांचे डोलणे मोजले. २००६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी फ्रिस्बीबरोबर गिरक्या घेत पडणाऱ्या पंखधारी बियांनाही जागा दिली. मेपलच्या बीवर २००९ साली डेव्हिड लेंटिंक आणि सहकाऱ्यांचे संशोधन ‘सायन्स’मध्ये आले. फिरत्या बीच्या पुढच्या कडेवर हवेचा एक स्थिर भोवरा तयार होतो आणि तो बीला जास्त वेळ तरंगत ठेवतो, असे त्यात दिसले. शाळेच्या मैदानावर मेपलखाली एखादे बास्केट असेल, तर तिथल्या फलकावर नुसते झाडाचे नाव लिहून भागू नये. ही बी कशी उडते, हे तिथे हवेच. वावळ या झाडाची कागदासारखी गोल, पंखधारी फळे आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाऱ्यावर भिरभिरतात. ती हातात घेऊन सोडली, तरी एक तास सहज रंगेल.

अमेरिका-कॅनडातल्या अनेक शाळांच्या आवारांत आज अशी छोटी मैदाने आहेत आणि प्रत्येक टप्प्याला एखाद्या झाडाचे, पक्ष्याचे नाव देण्याची कल्पना सहज सुचते. मला ती अपुरी वाटते. फलकावर ओकचे नाव आणि त्याच ओकच्या बुंध्यावर तबकड्यांचा मारा, याला निसर्गाची मांडणी म्हणता येणार नाही. सालीच्या लगेच आत अन्न वाहून नेणारा थर असतो आणि त्याच्या आत खोड जाड करणारी एधा. कोवळ्या झाडाची पातळ साल वारंवार फुटली, की हे दोन्ही उघडे पडतात. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी पूर्ववत होत नाही. झाड तो भाग आतून कोंडून घेते आणि त्याभोवती नवे लाकूड वाढवते. त्यासाठी साठवलेले अन्न खर्ची पडते.

मातीचे नुकसान दिसायला वेळ लागतो. फेकायच्या जागेभोवती आणि बास्केटभोवती सतत पावले पडतात. मातीतली मोठी छिद्रे दबतात, पाणी मुरेनासे होते, मुळांना प्राणवायू कमी पडतो. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या दीडेक फुटातच असतात. टेक्ससमध्ये ऑस्टिन शहरातल्या पीझ पार्कचे मैदान खूप गजबजलेले होते. शोल क्रीक या ओढ्याकाठची जमीन उघडी पडली, तिची धूप होऊ लागली आणि २०११ मध्ये मैदान तिथून हलवावे लागले.

उपाय अवघड नाहीत. लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पसरायचा, बास्केटच्या दोन-तीन जागा ठरवून ते ठराविक काळाने हलवायचे, कोवळ्या झाडांसमोर फेकीची वाट ठेवायची नाही. परिणाम मुलांनाच मोजू द्यावा. दोन्ही बाजू उघड्या असलेला डबा जमिनीत थोडा रोवायचा, त्यात लिटरभर पाणी ओतायचे आणि मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. एकदा बास्केटजवळ, एकदा कोणी न फिरकणाऱ्या कोपऱ्यात. हा प्रयोग दर सत्रात केला, तर मैदानाची जागा कधी बदलायची हे मुलेच सांगतील.

आपल्या शाळेच्या आवारात जुनी झाडे असतील, तर विज्ञानाच्या आणि खेळाच्या शिक्षकांनी मिळून हे जरूर करून पाहावे. बास्केट विकत आणण्याची गरज नाही, आखलेले चार फुटांचे वर्तुळ आणि प्लास्टिकची तबकडी पुरते. फक्त पहिले वर्तुळ आखण्याआधी मुलांकडून आवारातल्या प्रत्येक झाडाची नोंद करून घ्या आणि वर्तुळे त्यांच्या बुंध्यांपासून लांब ठेवा.