आंतरवासिता खेड्यात व्हावी

बी.ए.एम.एस.च्या साडेपाच वर्षांतील अखेरचे वर्ष आंतरवासितेचे. त्यातील ग्रामीण आरोग्यकेंद्राचा काळ पुष्कळदा हजेरीपटावरील सहीपुरताच उरतो. आम्हीही प्रारंभी तेच केले, हे प्रांजळपणे नमूद करतो. पुढे एका आरोग्यकेंद्रात पावसाळा काढला आणि मत पालटले.

गुळवेल वाळलेल्या तुकड्यांवरून ओळखणाऱ्या आम्हांस ती कडुनिंबावर चढलेली प्रथम एका गुराख्याने दाखविली. गुराखी व वनवासी वनौषधी नामरूपाने जाणतात, परंतु त्यांची योजना जाणतो तोच वैद्य, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतात. त्याचा अर्थ त्या दिवशी उमगला. सर्पदंशाच्या रुग्णास काढ्यासाठी न थांबविता लस असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे, हा विवेकही तेथेच अंगी बाणला. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्राझोसिनची उपयुक्तता रायगड जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णांवरील निरीक्षणांतूनच दाखवून दिली.

गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंनी दरवर्षी एका आंतरवासीस आपल्याजवळ बसवावे. औषधालय-चालकांनी त्याच्या निवास-भोजनाचा भार उचलावा व ओल्या-सुक्या द्रव्यांची पारख शिकवावी. येत्या तुकडीपासूनच हा आरंभ व्हावा, ही नम्र विनंती.