जास्वंदीवर हे पांढरं काय?

गणपतीसाठी आईने गॅलरीत जास्वंद लावलेली असते आणि सुट्टीत पाणी घालायची ड्युटी मात्र तुमच्याकडे येते! मग एक दिवस शेंड्याची पानं चुरगळलेली दिसतात आणि फांदीवर कापसासारखं काहीतरी चिकटलेलं असतं. अशा वेळी दुकानात मिळेल ते जहाल औषध आणून फवारू नका. आधी आरोपी ओळखा.

कापसाचे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, अर्थात मिलीबग. यातली गुलाबी जात जास्वंदीइतकीच द्राक्षबागांनाही छळते. कळ्यांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर हिरवट-काळे बारीक दाणे दिसले, तर तो मावा. फांदी हलवल्यावर भुर्रकन उडते ती पांढरी माशी. तिघांचाही उद्योग एकच, झाडाचा रस शोषायचा आणि चिकट गोड द्रव सोडायचा. त्यावर काळी काजळी धरते. या गोडाला चटावलेल्या मुंग्या किडीची राखण करतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली, की पानं उलटून बघाच.

उपाय सोपे आहेत. जास्त किडलेले शेंडे कापा आणि पिशवीत बांधून टाका. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन जातो. थोडेच मिलीबग असतील, तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा. मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि भांडी धुण्याच्या लिक्विडचे काही थेंब घालून नीट हलवा. आधी एका पानावर ट्रायल घ्या. एक-दोन दिवसांत पान करपलं नाही, तर संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने पुन्हा एकदा. एका फवारणीत काम होत नाही, कारण अंडी वाचतात.

आता खरी गंमत. पांढऱ्या पुंजक्यांमध्ये एखादा जरा मोठा आणि चपळ दिसला, तर हात आवरा! तो क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी असू शकतो. दिसतो मिलीबगसारखाच, पण मिलीबगच खातो. १९९४मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर गुलाबी मिलीबगने धुमाकूळ घातला, तेव्हा हाच ढालकिडा आणि एक इवलीशी परजीवी गांधीलमाशी मदतीला आणली गेली. जहाल औषध मारलं, की असे दोस्त आधी मरतात आणि कीड पुन्हा डोकं वर काढते.

शिवाय हे फूल नुसतं बघायचं नसतं. ते देवाला वाहतो, केसांच्या तेलात घालतो, कुणी त्याचा चहाही करतं. त्यातला मध प्यायला शिंजीर येतो. त्यामुळे फवारा काय मारायचा, हा प्रश्न फक्त झाडापुरता नाही.

तर आज पाणी घालताना एवढंच करा. चार पानं उलटा, मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि नीट बघा. कीड लवकर दिसली, तर बरंचसं काम पाण्याच्या फवाऱ्यावरच भागतं.